प्रोबायोटिक दही (प्लेन), तीन महिने रोज खाल्लं
चव मस्त, आंबटपणा बेताचा, वर जे पाणी सुटतं ते ओतू नका, ढवळून घ्या. पण कोलेस्टेरॉलसाठी घेत असाल तर थोडं ऐका. काही लॅक्टोबॅसिलस (दह्यातले जिवाणू) आतड्यात पित्तक्षार (पित्तातले चरबी पचवायला मदत करणारे क्षार) फोडतात, ते शौचावाटे जास्त बाहेर पडतात आणि नवीन बनवायला लिव्हर कोलेस्टेरॉल वापरतं, १९७४ च्या मासाई लोकांवरच्या (पूर्व आफ्रिकेतले पशुपालक) अभ्यासात आंबवलेल्या दुधाने कोलेस्टेरॉल उतरलंही होतं, पण आपलं मुळातच नॉर्मल असेल तर फरक अगदी थोडा. माझं एलडीएल (म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) ११८ चं ११५ झालं, म्हणजे जवळपास तिथंच. फ्लेवरवालं घेऊच नका, लेबलवरची साखर बघा! प्लेन मात्र मी चालूच ठेवणार, पोट खरंच हलकं राहतं.