आईसाठी घरी ठेवलेली मदतनीस: आठ महिन्यांच्या वापरानंतर

बाबा गेल्यानंतर माझी ७९ वर्षांची आई आंजर्ल्याच्या घरी एकटी राहू लागली. डोंबिवलीला माझ्याकडे येण्यास तिने स्वच्छ नकार दिला. २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या आगरातल्या पोफळी आडव्या झाल्या होत्या, त्यांच्या जागी बाबांनी लावलेली रोपे आता कुठे धरू लागली आहेत, ती टाकून यायचे नाही, असे तिचे म्हणणे होते. शेवटी गेल्या नोव्हेंबरात एका संस्थेमार्फत चोवीस तासांची मदतनीस ठेवली. महिन्याला २४,००० रुपये, शिवाय तिचे जेवणखाण आपल्याकडे. संस्थेचे नाव मुद्दाम लिहीत नाही.

अंघोळ, गोळ्या, रक्तदाब मोजणे, रात्री उठताना हात देणे ही कामे पहिल्या दिवसापासून चोख झाली, त्यामुळे त्यांविषयी अधिक लिहीत नाही. संस्थेच्या माहितीपत्रकात ज्याला ‘भावनिक आधार’ म्हटले आहे, त्याचे पुढे काय झाले, हे मात्र सविस्तर सांगण्यासारखे आहे.

पहिली मदतनीस वयाने लहान, प्रशिक्षित आणि अतिशय टापटिपीची होती. आल्यानंतर आठवड्याभरात तिने माजघर आवरले आणि कोपऱ्यात टेकवून ठेवलेली बाबांची काठी माळ्यावर टाकली. आई काही बोलली नाही, पण दोन दिवस तिने मऊ भाताचे चार घास घेऊन ताट सारले. काठीची गोष्ट मला शेजारच्या काकूंकडून कळली. मुलीचा हेतू वाईट नव्हता. वृद्धाच्या घरातली वस्तू विचारल्याशिवाय हलवू नये, एवढे तिला कोणी शिकवलेच नव्हते. त्याच सुमारास संस्थेने फोनवरून नैराश्याची चाचणी घेतली. ज्येष्ठांसाठी जगभर वापरली जाणारी ही १५ प्रश्नांची, होय-नाही उत्तरांची प्रश्नावली आहे. पाचाहून अधिक गुण पडले तर पुढे तपासणी करावी असा साधारण संकेत आहे, निदान त्यातून होत नाही. ‘बाहेर जाऊन नवे काही करण्यापेक्षा घरी बसणे तुम्हाला आवडते का?’ या प्रश्नावर आईने विचारले, ‘पावसात की एरवी?’ बाकी सगळ्या प्रश्नांना परक्या माणसाला द्यावीत तशी नीटनेटकी उत्तरे देऊन ती उत्तीर्ण झाली. नंतर मला म्हणाली, ‘पगार घेऊन विचारतात ते, त्यांना काय सांगायचं?’

तिचे गप्प बसणे, दिवसा झोपणे आणि रात्री टक्क जागे राहून झोपेची गोळी मागणे डिसेंबरात इतके वाढले की एका रात्री मी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला. ही सेवा निःशुल्क आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. तिथल्या बाईंनी मला दोन गोष्टी सुचवल्या: आधी रक्त तपासा, मग कान तपासा. दापोलीच्या डॉक्टरांकडे केलेल्या तपासणीत थायरॉइड ठीक निघाले, बी-१२ मात्र बरेच कमी होते. त्याची इंजेक्शने सुरू झाली. झोपेच्या गोळीला डॉक्टरांनी नकार दिला, कारण या वयात त्या गोळ्यांनी तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. कानाचे यंत्र चिपळूणहून आणले. ज्याला आम्ही दोन वर्षे रुसवा समजत होतो, ते बऱ्याच अंशी ऐकू न येणे होते. यंत्र लावल्यावर पहिले काही दिवस तिला माणसांपेक्षा झावळ्यांची सळसळच मोठी ऐकू यायची आणि ती वैतागायची. पण रोज तास-दोन तास वाढवत नेल्यावर सवय झाली. किनाऱ्यावरच्या दमट, खाऱ्या हवेत ही यंत्रे लवकर बिघडतात, म्हणून रात्री ते ओलावा शोषणाऱ्या पुड्यांच्या डबीत ठेवावे लागते.

फेब्रुवारीत संस्थेने, आम्हाला एका दिवसाचीही पूर्वसूचना न देता, मदतनीस बदलली. माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. जिच्याशी जेमतेम सूर जुळत होता ती मुलगी गेली आणि आई पुन्हा आपल्या कोशात गेली. संस्थेच्या ॲपवर मात्र त्या सबंध आठवड्यात रोज हसरा चेहरा नोंदलेला होता. वाडीत रेंज नसते, त्यामुळे महिनाभराचे चेहरे एकाच दिवशी भरले जातात, हे मला पुढे समजले.

नवी ताई मंडणगडकडची, पन्नाशीची, फारशी न शिकलेली आहे. तिच्याकडे ‘उपक्रमांची यादी’ नव्हती. मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, उतरल्यावर तिने आईला सहज विचारले, ‘आजी, तुमच्यात मीठ किती घालतात?’ आई म्हणाली, ‘मापाने काय होतंय बाय, रस बघायचा.’ आणि ती पाट घेऊन पडवीत येऊन बसली. पुढचे दहा-बारा दिवस दोघींनी रातांबे फोडले, बिया वेगळ्या केल्या, साले मिठाच्या रसात बुडवून उन्हात घातली, सुकली की पुन्हा रसाचे पूट दिले. कोणते साल अजून ओले आहे, हे आई बोटांनी चाचपून सांगे आणि ताई ते निमूटपणे परत खळ्यात नेऊन घाली. ताईच्या भेगाळलेल्या टाचा पाहून आईने कपाटातला जुना मुठेलाचा (रातांब्याच्या बियांच्या घट्ट तेलाचा) गोळा काढला आणि रोज रात्री ते गरम करून लावायचा हुकूम सोडला. दुपारची झोप आपोआप सुटली, रात्रीची लागू लागली. आईला सोबत मिळाली होती ती नोव्हेंबरपासूनच. तिला कोणी काही विचारणारे मिळाले ते मे महिन्यात, असे माझे मत झाले आहे. मीही आता रोजच्या फोनवर ‘गोळी घेतलीस का’ हे ताईला विचारते आणि आईला कुळथाच्या पिठीची फोडणी विचारते.

सगळे सुरळीत आहे असे नाही. बाबांच्या वर्षश्राद्धाच्या आठवड्यात आई पुन्हा मिटली होती, आणि ते तसेच होऊ द्यावे असे डॉक्टरांनीही सांगितले. ताईला महिन्यातून चार दिवस सुट्टी हवी असते. पदरचे पैसे देऊन त्या दिवसांसाठी शेजारच्या काकूंना बोलवावे लागते. परक्या घरात अहोरात्र राहणाऱ्या बाईलाही कंटाळा आणि घरची ओढ असते, याचा विचार संस्थेच्या करारात कुठेच नाही. ज्यांच्या घरी आजार गंभीर आहे किंवा विस्मरण बरेच पुढे गेले आहे, त्यांनी माझ्या अनुभवावर विसंबू नये. तिथे प्रशिक्षित परिचारिकाच हवी.

जुलैपासून पुढच्या सहा महिन्यांचे पैसे भरले आहेत. घरच्यांना विचारल्याशिवाय मदतनीस बदलता येणार नाही, आणि बदललीच तर जुनी व नवी किमान चार दिवस एकत्र राहतील, ही दोन कलमे या वेळी करारात हाताने लिहून घेतली आहेत.