एनव्हीडीए स्क्रीन रीडर: एम.ए.च्या नोट्सवर दोन वर्षं वापरून

मला जन्मापासून दिसत नाही. तासगावहून रोज एस.टी.नं सांगलीला येते, इतिहासात एम.ए. करतेय. बी.ए.पर्यंत माझं वाचन म्हणजे आईचा आवाज. स्वयंपाक उरकला की ती पुस्तक घेऊन बसायची, डोळे मिटायला लागले की पान तिथंच राहायचं. एनव्हीडीए हाताशी आलं आणि पहाटे पाच वाजता, कुणालाही न उठवता, मी एक सबंध प्रकरण वाचून काढलं. तो दिवस मी विसरणार नाही.

पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं हे सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं आणि फुकट मिळतं. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी, जे स्वतः अंध आहेत, २००६ साली ते लिहायला घेतलं. पेनड्राइव्हवरूनही चालतं, त्यामुळे कॉलेजच्या लॅबमध्ये काकांकडं पासवर्ड मागत बसावं लागत नाही. पेनड्राइव्ह लावायचा, हेडफोन घालायचा, कामाला लागायचं.

मराठीसाठी मी त्यातलाच ईस्पीकचा आवाज वापरते. आवाज पत्र्यासारखा आहे, पहिले पंधरा दिवस डोकं दुखायचं. आता वेग इतका वाढवलाय की शेजारच्या मैत्रिणीला एक शब्द कळत नाही.

खरी अडचण आवाजाची नाही, फाइलींची आहे. पहिल्या सत्रात आमच्या ग्रुपवर पीडीएफ आली. उघडली, तर रिकामं पान. सगळ्यांना दिसत होतं, मलाच नव्हतं. पुस्तकाच्या पानांचे मोबाइलनं काढलेले फोटो होते ते; त्यात अक्षर नाही, नुसतं चित्र. गूगल ड्राइव्हमध्ये टाकून गूगल डॉक्सनं उघडलं की मराठी मजकूर बराचसा निघतो. पण दोन रकाने असतील तर ओळी एकमेकींत घुसतात आणि तळटीप मधेच येऊन बसते.

दुसरी फाइल टाइप केलेली होती. मला वाटलं, सुटले. बाण दाबत एकेक अक्षर ऐकलं: एच, के, के, जे, आर. हा 'भारत' होता. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, वर फक्त देवनागरी रूप दिसतं. मला रूप दिसत नाही, मला आतलंच ऐकू येतं. तीस पानं तशीच होती. त्या रात्री पुन्हा आईला उठवलं.

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले आणि हेडफोन त्यांच्या कानाला लावला. मिनिटभर ऐकून ते म्हणाले, "ताई, हे मला माहीतच नव्हतं गं." तेव्हापासून ते युनिकोडमध्ये, म्हणजे आतही देवनागरीच अक्षरं राहतील असं, टाइप करतात, वर्डमध्ये मथळ्यांना हेडिंगची स्टाइल देतात आणि फाइल प्रिंट करून नव्हे, सेव्ह अ‍ॅज करून पीडीएफ बनवतात. प्रिंट केलेल्या पीडीएफमधून हेडिंगा गायब होतात. आता मी एच दाबते आणि थेट पुढच्या मथळ्यावर जाते. चाळीस पानांत एक मुद्दा शोधायला पूर्वी अख्खी दुपार जायची.

नकाशा आला की एनव्हीडीए पूर्वी फक्त 'ग्राफिक' म्हणायचं. सांगली संस्थानाच्या नकाशाखाली सरांनी वर्णन लिहिलं: 'पश्चिमेकडून आलेली वारणा हरिपूरजवळ कृष्णेला मिळते, सांगली संगमाच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या डाव्या तीरावर.' हरिपूरला मी लहानपणापासून जातेय, घाटाच्या पायऱ्या पायांना पाठ आहेत. पण दोन्ही नद्या कुठून येतात, हे मला त्या ओळीमुळं पहिल्यांदा कळलं.

एनव्हीडीएला माझ्याकडून पाचपैकी पाच. अंध मुलाच्या घरच्यांनी आजच उतरवून घ्यावं. सुरुवातीला वेग कमी ठेवा आणि महिनाभर सोडू नका. आणि शिक्षकांना हात जोडून सांगते, हे कुणावर उपकार करणं नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४२ नुसार छापील आणि इलेक्ट्रॉनिक मजकूर आम्हाला वापरता येईल अशा रूपात मिळावा, ही सरकारची जबाबदारी आहे. आणि वर्गात ती फाइल तुमच्याच हातून तयार होते.

चौथ्या सत्राच्या नोट्स काल आल्या. सात फाइलींपैकी तीन अजून फोटोच आहेत. हेडफोन घेऊन उद्या त्या मॅडमकडे जाणार आहे.