टीडीएस पेन सात महिने वापरला: ओआरएस, ताक, शहाळं आणि आमच्या बोअरचं पाणी

नोव्हेंबरात घेतला होता, आता जून लागला, म्हणून म्हटलं लिहून टाकू. साडेतीनशेच्या आसपास पडला, पेनासारखा पिवळा टीडीएस-ईसी मीटर, म्हणजे पाण्यात क्षार किती विरघळलेत (टीडीएस) आणि त्यातून वीज किती वाहते (ईसी) ते दाखवणारा. डब्यावर एक नाव, मीटरवर दुसरंच, त्यामुळे कंपनी विचारू नका.

घेतला पोरीसाठी. आठवीत आहे, शाळेत विज्ञान प्रदर्शनाला विषय द्यायचा होता. त्याच्या आधीच, म्हणजे ऑक्टोबर २०२५ मध्ये, एफएसएसएआयने (खाद्यपदार्थांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) सांगितलं होतं की डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटना) फॉर्म्युल्याचं नसेल तर कुठल्याही पेयाच्या नावात ओआरएस शब्द चालणार नाही. तिने ते कुठेतरी वाचलं आणि डोक्यात घेतलं, पप्पा आपण मोजूनच बघू ना कशात किती इलेक्ट्रोलाइट, म्हणजे सोडियम-पोटॅशियमसारखे क्षार. जळगावचा मे महिना ज्याने काढलाय त्याला हा विषय समजावून सांगायची गरज नाही.

पहिल्याच दिवशी गंमत. वहीत नोंद काय, तर ओआरएस ५१२, आमच्या बोअरचं पाणी ८४०. म्हणजे जुलाब लागले की बोअरचं पाणी प्या, संपला विषय! ती खूश, काहीतरी नवीन सापडलं म्हणून, मी पण दोन मिनिटं गप्पच. मग दिसलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात मुंगीएवढं 'गुणिले १०' लुकलुकतंय. ९९९ च्या वर गेलं की हा मीटर शेवटचा शून्य खातो आणि सांगतो इतक्या बारीक अक्षरात की चष्मा लावूनही दिसेना. ओआरएस होतं ५१२०.

दुसरं म्हणजे कॅलिब्रेशन, मीटरचा आकडा माहितीतल्या पाण्याशी जुळवून घेणं. डब्यातून काढला आणि वापरला असं करू नका. एक ग्रॅम मीठ दोन लिटर डिस्टिल्ड पाण्यात (बॅटरीत घालायचं मिळतं तेच) विरघळवलं तर ५०० च्या आसपास यायला पाहिजे. आता एक ग्रॅम मोजायचं कशावर, घरचा काटा तेवढ्याला ढिम्म हलत नाही. पण जळगावात राहून काट्याची काय चिंता भो, सराफ बाजारात ओळखीच्या दुकानात पुडी घेऊन गेलो, त्यांनी सोन्याच्या काट्यावर कागद ठेवून चिमटीचिमटीने मीठ तोललं आणि वर विचारलं, घडणावळ किती लावू? त्या पाण्यात मीटरने दाखवले ५७०. मागे बारीक स्क्रू आहे, चष्म्याच्या पेचकसने फिरवून ५०० वर आणला. ज्या मीटरला हा स्क्रू नाही तो घेऊच नका.

मोजतो काय तर फक्त एकच गोष्ट. खाली दोन पिना, त्यांच्यामधून एसी करंट, पाण्यात सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड असे आयन (विजेचा भार असलेले कण) जेवढे जास्त तेवढा करंट जास्त. त्या ईसीच्या आकड्याला ०.५ ने गुणून हा पीपीएम (साधारण लिटरमागे मिलिग्रॅम) म्हणून दाखवतो, काही मीटर ०.७ ने गुणतात, म्हणून मित्राच्या मीटरशी जुळलं नाही तर वाद घालत बसू नका, दोघं ईसी मोडवर बघा.

खरा घोळ साखरेचा. आरओचं पाणी ४८. त्यात चांगली पाच-सहा चमचे साखर घातली, तरी पन्नाशी ओलांडेना. माझी आई बाजूला बसली होती, म्हणे "याले साखर कयत नही का?" नाहीच कळत. साखर विरघळते पण तिचे आयन होत नाहीत. आणि ओआरएसच्या एक लिटरच्या पुडीत २०.५ ग्रॅम पावडर, त्यातलं १३.५ ग्रॅम ग्लुकोजच असतं, ते ग्लुकोजच आतड्यात सोडियमला सोबत आत नेतं, म्हणजे पुडीतला निम्म्याहून जास्त माल या मीटरला दिसतच नाही! दुकानातल्या गोड ड्रिंकचा आकडा ओआरएसच्या निम्म्यालाही आला नाही, पण त्यात साखर किती ते लेबलवरच वाचावं लागलं.

शहाळं २७००, घरचं मीठ-साखर-पाणी २८००. मीटरच्या हिशोबाने सख्खे भाऊ. प्रत्यक्षात शहाळ्यात मुख्य पोटॅशियम, घरच्या पाण्यात सगळं सोडियम.

ताकाने सगळ्यात जास्त छळलं. पिनांवर लोण्याचा थर बसतो, आकडा हळूहळू खाली जातो, साबणाने धुवून डिस्टिल्डने खळखळून घ्यावा लागतो दर वेळी. सोड्याचे बुडबुडे पिनांना चिकटतात, म्हणून तो रात्रभर उघडा ठेवून सकाळी मोजला. फ्रीजमधलं गार काही असेल तर मीटर एक-दोन मिनिटं आत ठेवूनच वाचा, तापमानाची दुरुस्ती तो करतो पण सावकाश. ओआरएस दहापट पातळ करून मोजलं तर ५८० आलं, म्हणजे गुणाकार करून ५८००, थेट मात्र ५१२०. पोरगी रडकुंडीला आली. चूक नव्हती, दाट पाण्यात आयन एकमेकांच्या आड येतात.

प्रदर्शनात परीक्षकांनी नेमकं विचारलं, पिण्याच्या पाण्याची मर्यादा ५००, फारच नाइलाज असेल तर २०००, मग तुझं पाच हजाराचं ओआरएस विष का नाही? ती म्हणाली, सर हा किती विरघळलंय ते सांगतो, काय विरघळलंय ते नाही. दुसरा नंबर आला.

सात महिन्यांत सेल दोनदा बदलले, एकदा माठात पडला पण दोन दिवस तांदळात ठेवल्यावर सुरू झाला. साडेतीनशेत पाच पैकी साडेतीन देईन, अर्धा त्या बारीक अक्षरांसाठी कापला.

सध्या मीटर रावेरला मेहुण्याकडे आहे, केळीच्या ड्रिपमधून खत सोडताना पाणी तपासतो. पांढरा पोटॅश घातला तेव्हा आकडा भराभर चढला म्हणून गडी खूश होता. परवा युरिया घातला आणि आकडा जागचा हलेना, लगेच फोन, तुमचा मीटर गेला भाऊजी. मी म्हटलं गेला नाही, युरियाचं पण साखरेसारखंच आहे. तोवर त्याने मागचा स्क्रू फिरवून ठेवला होता. आता परत आला की पुन्हा पुडी घेऊन सराफ बाजारात.