50 लिटरची सॅक: घरचा जिना आणि पावागढ

हिमालयातल्या आठ-दहा दिवसांच्या ट्रेकसाठी बडोद्यात सॅक घेणाऱ्याची अडचण म्हणजे शहर सपाट. कमाटीबागेत कितीही फेऱ्या मारा, सॅकचा दोष कळत नाही. तो चढावर कळतो आणि त्याहून जास्त उतारावर. म्हणून या 50 लिटरच्या सॅकची परीक्षा आधी घरात, मग जिन्यावर आणि शेवटी पावागढावर घेतली. आत अॅल्युमिनियमची पट्टी, वेल्क्रोने कमी-जास्त होणारी पाठ आणि तळाच्या कप्प्यात रेनकव्हर, अशी तिची रचना. रिकामी भरते 1.7 किलो.

टॅग आणि पावती शाबूत असेपर्यंतच दुकानदार सॅक बदलून देतो, म्हणून माप घरीच, पहिल्या दिवशी घ्यावं. मान खाली घातली की मानेच्या तळाशी जे हाड वर येतं, तिथून कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडणाऱ्या रेषेपर्यंत टेप धरायची. महत्त्व या मापाला आहे, माणसाच्या उंचीला नाही. या सॅकची पाठ 43 ते 51 सेंटिमीटरपर्यंत बसते. पाठ 43 पेक्षा आखूड असेल, तर बेल्ट कमरेच्या हाडावर न बसता खाली मांडीवर घासतो. अशांनी ही घेऊच नये. पट्टे कितीही ओढले तरी ते जमत नाही.

वजन भरताना डंबेल टाकून काही कळत नाही, कारण खरं सामान तसं तळाशी गोळा होऊन बसत नाही. 1 लिटरच्या चार बाटल्या, 3 किलो तांदूळ, झोपायची बॅग आणि कपडे असे सॅकसकट 11 किलो केले. झोपायची बॅग तळाला, तांदूळ आणि बाटल्या पाठीला चिकटून मधल्या उंचीवर, कपडे बाहेरच्या बाजूला. जड वस्तू पाठीपासून लांब गेली की सॅक मागे ओढते आणि माणूस वाकून चालू लागतो.

पट्ट्यांचा क्रम चुकला तर चांगली सॅकही खांदे दुखवते. आधी सगळे पट्टे सैल. मग हिप बेल्ट, त्याची गादी कमरेच्या हाडावर बसेल असा. नंतर खांद्याचे पट्टे, त्यानंतर खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे, आणि शेवटी छातीचा. बेल्ट पूर्ण आवळल्यावरही बकलच्या दोन्ही बाजूंना ओढायला पट्टा उरला पाहिजे, कारण लांब ट्रेकमध्ये कंबर उतरते. इथे तो पुरेसा उरतो. बहुतेक भार कमरेवर जातो आणि खांदे मोकळे राहतात. या सॅकची ही सर्वांत जमेची बाजू.

पावागढाला चांपानेरहून दरवाज्यांची जुनी पायवाट धरावी, माचीपर्यंत गाडीने जाऊ नये. पुढे रोपवेही टाळून पायऱ्याच चढाव्यात. नवरात्रात आणि पौर्णिमेला मात्र पाठीवर एवढं ओझं घेऊन त्या पायऱ्यांवर जाऊ नये, लोकांना धक्के लागतात. चढावर पाठीची जाळी ठीक वागली. पण घामाने भिजल्यावर हिप बेल्टचा गुळगुळीत पट्टा बकलमधून हळूहळू सुटत राहिला. पट्ट्याचं टोक दुमडून बकलमधून पुन्हा मागे ओवलं की तो थांबतो. सॅक भरलेली असली की बाजूचा खिसा आवळतो आणि ती न उतरवता बाटली काढणं कठीण होतं. हा दोष मोठा आहे, कारण बाटली हाताला येत नसली की माणूस पाणी कमी पितो.

उतरताना माथ्याकडचे छोटे पट्टे सैल पडले की प्रत्येक पायरीला सॅक माकडहाडावर आपटते. बेल्ट आणि हे पट्टे दोन्ही उतरण्याआधी पुन्हा आवळावेत. गुडघे कुरकुरू लागले तर दोन बाटल्या झाडाच्या मुळाशी ओतून वजन कमी करता येतं. चाचणीत पाणी भरायचं ते यासाठीच.

सॅक ठेवायचीच असं ठरल्यावर पावसाची परीक्षा. आत वर्तमानपत्राचे कागद भरून, रेनकव्हर चढवून ती पंधरा मिनिटं शॉवरखाली धरली. समोरचे कागद कोरडे, पाठीकडचे ओले. कव्हर पाठ झाकत नाही. तिथून पाणी झिरपून कव्हरच्या तळाशी साचलं, कारण त्याला निचऱ्याचं भोक नाही. आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून त्यातच कपडे भरणं हाच खात्रीचा उपाय. धुताना मशीन नको, आतला जलरोधक थर सुटतो. साधं पाणी, सौम्य साबण आणि सावलीत वाळवणं पुरे.

43 ते 51 मापाच्या पाठीसाठी ही सॅक घेण्यासारखी आहे. निघण्यापूर्वी हिप बेल्टच्या पट्ट्याची रुंदी मोजून त्याच मापाचं एक सुटं बकल सोबत घ्यावं. इथे ती 38 मिलिमीटर आहे. बकल बहुधा चालताना तुटत नाही, सॅक खाली ठेवलेली असताना कोणाचा तरी बूट त्यावर पडतो.