घारापुरी की कान्हेरी? हाताशी एकच दिवस असेल तर

मुंबईत एक मोकळा दिवस आहे, लेणी बघायची आहेत आणि दोन्हीकडे जायला वेळ नाही, अशांसाठी हे लिहितोय. महाकाली आणि जोगेश्वरी अर्ध्या दिवसात होतात, म्हणून ती या हिशेबात धरत नाही. दोन्ही ठिकाणांची तोंडओळख आहे असं गृहीत धरतो. घारापुरी म्हणजे गेटवेहून बोटीने गाठायचं एलिफंटा बेट, कान्हेरी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आणि सोमवारी दोन्ही बंद, हे बहुतेकांना माहीत असतं. (सोमवारी गेटवेला जाऊन हात हलवत परतणारे तरीही दर आठवड्याला दिसतातच.)

आधी घारापुरीच्या बाजूने बोलतो, कारण तिची बाजू खरोखर भक्कम आहे.

एका शिल्पासाठी दिवस घालवायचा असेल तर तीन मुखांच्या महेशमूर्तीच्या तोडीचं कान्हेरीत काही नाही. सहाव्या शतकातलं काम, उंची साडेपाच मीटरच्या आसपास, आणि सगळं दक्षिणेच्या भिंतीत खोल कोनाड्यात. लोक अजूनही तिला ब्रह्मा-विष्णू-महेश म्हणतात, पण तिन्ही मुखं शिवाचीच. तुमच्या डाव्या हाताचं मुख मिशीवालं, उग्र, हातात साप, ते अघोर, म्हणजे शिवाचं उग्र रूप. उजव्या हाताचं कोवळं, हातात कमळ. ते वामदेव, म्हणजे शिवाचं सौम्य रूप, किंवा उमा. मधलं मिटल्या डोळ्यांचं. उन्हातून आत गेल्यावर चार-पाच मिनिटं तरी काहीच नीट दिसत नाही, म्हणून आत शिरताच सरळ मूर्तीकडे धावू नये. उत्तरेच्या दारातच थांबावं. उजवीकडे नटराज, डावीकडे योगीश्वर. ते बघेपर्यंत डोळे अंधाराला सरावतात आणि मग समोरची तीन मुखं खांबांच्या रांगांतून हळूहळू वर येतात.

आणखी एक गोष्ट गर्दीत हमखास सुटते. या लेण्याला दोन अक्ष आहेत. उत्तर-दक्षिण अक्षावर महेशमूर्ती, तर पूर्व-पश्चिम अक्षावर चार दारांचं लिंगाचं गर्भगृह, दारांशी भलेमोठे द्वारपाल. पूर्वेच्या चौकातून आत बघितलं की हे लेणं मुळात देऊळ म्हणून कसं चालत असेल ते कळतं. कैलास उचलणारा रावण त्याच बाजूला आहे. बरेचसे शिल्पपट खालच्या अंगाने फुटलेले आहेत, तेव्हा नजर कमरेच्या वर ठेवलेली बरी. ज्या हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं तो दगडी हत्ती मात्र बेटावर शोधू नका. तो भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

मग अडतं कुठे? माझ्यापुरतं सांगायचं तर परतीच्या बोटीत.

गेटवेहून पहिली बोट नऊच्या सुमारास, बेटावरून शेवटची साडेपाचच्या सुमारास. जायला तासभर, यायला तासभर. रात्री पर्यटकांना बेटावर थांबता येत नाही, त्यामुळे सगळा दिवस घड्याळाकडे बघण्यात जातो. पण वेळ जाण्यापेक्षाही त्रास होतो तो गठ्ठ्याने फिरण्याचा. एक बोट रिकामी होते आणि ती सगळी माणसं एकदम निघतात. धक्क्यावरच्या छोट्या आगगाडीला किंवा पायी, मग एकदमच त्या सव्वाशेच्या घरातल्या पायऱ्यांना, मग वरच्या तिकीट खिडकीला आणि शेवटी एकदमच महेशमूर्तीसमोर. तो जथा हलतो न हलतो तोच पुढच्या बोटीचा येतो. साधारण अकरा ते दीड या वेळात गर्भगृहाभोवती चार गाईड चार भाषांत बोलत असतात आणि दगडी छताखाली त्या आवाजाचा नुसता गलका होतो. दुपारी तीननंतर हेच उलट्या दिशेने. धक्क्यावर उन्हात रांग, आणि ओहोटी असेल तर बोटी एकीला एक लागून उभ्या. पहिल्या बोटीच्या कठड्यावरून दुसरीत उतरायचं. गुडघे कुरकुरणाऱ्यांसाठी खरी परीक्षा ही आहे. पायऱ्यांना डोलीवाले मिळतात, हलत्या बोटीत पाय टाकायला कुणी डोली देत नाही. डिसेंबर २०२४ मधल्या अपघातानंतर लाइफ जॅकेटचा आग्रह वाढला आहे. नुसतं अंगावर टाकून बसू नका, पट्टे आवळा.

पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंच्या दुकानांबद्दल लोक नाकं मुरडतात. मला त्यांचं फार वाटत नाही. वरती ताडपत्र्या असल्यामुळे मे महिन्यातही तो चढ सावलीतून होतो, हा त्यांचा उपकारच.

आता कान्हेरी. इथे सांगायची पहिली गोष्ट अंतराची, कारण अंदाज तिथेच चुकतो. बोरिवली स्टेशनला पूर्वेला उतरलं की उद्यानाचं गेट जवळ आहे, रिक्षाने पाच-दहा मिनिटं. पण गेटपासून लेणी आणखी सहा-सात किलोमीटर आत आहेत. हे माहीत नसलेली मंडळी पायी निघतात आणि लेण्यांच्या पायथ्याशी पोचेपर्यंतच दमतात. स्वतःच्या गाडीच्या भरवशावर राहू नका. गेटवर बसची चौकशी करा, नाहीतर सायकल भाड्याने घ्या. सायकलने जाताना शेवटचा टप्पा चढाचा आहे, हे सायकल घेण्याआधी लक्षात असू द्या. तिकिटं दोन. उद्यानाचं गेटवर, लेण्यांचं वेगळं पायथ्याशी. लेण्यांचं भारतीयांना २५ रुपये, घारापुरीचं ४०. ऑनलाइन काढलं तर थोडं स्वस्त पडतं, पण तिकिटाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा; डोंगरात आणि बेटावर नेटवर्कचा भरवसा धरू नये. परदेशी पासपोर्टवाले नातेवाईक सोबत असतील तर त्यांचं ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) विसरू नका. ते दाखवलं की भारतीयांचाच दर लागतो, नाहीतर घारापुरीला माणशी ६०० रुपये मोजावे लागतात.

बसची कटकट इथेही आहे, ती लपवत नाही. रविवारी दहानंतर गेटवर बसला रांग लागते आणि संध्याकाळी खाली येतानाही. त्यात पश्चिम रेल्वेचा जंबो ब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास मार्ग बंद, असेल तर बोरिवलीपर्यंत पोचणंच लांबतं. पण फरक असा की बस चुकली तर पुढची येते, आणि अगदीच नाही आली तर उजेड असेपर्यंत उतारावरून चालत येता येतं. जंगल बिबट्यांचं आहे, म्हणून अंधार पडायच्या आत आणि डांबरी रस्त्यानेच. घारापुरीला समुद्रावरून चालता येत नाही.

वर शंभराहून जास्त लेणी आहेत. सगळी बघायची प्रतिज्ञा करून जाणारे पन्नासाव्या लेण्याच्या आसपास वैतागतात, कारण बरीचशी म्हणजे एक ओसरी, एक खोली आणि एक दगडी ओटा. तिकिटाजवळून वर गेलं की आधी अर्धवट सोडलेलं पहिलं लेणं, मग तिसरं, म्हणजे मोठा चैत्य, बौद्धांचं प्रार्थनागृह. व्हरांड्याच्या दोन टोकांना सात मीटरच्या घरातले दोन उभे बुद्ध आहेत, पण ते नंतरच्या काळातले. चैत्य सातवाहनांच्या काळातला, यज्ञश्री सातकर्णीच्या राज्यातला. दर्शनी भिंतीवरच्या दाता जोडप्यांसमोर निदान दहा मिनिटं द्या. त्यांचे दागिने आणि उभं राहण्याची ऐट कार्ल्याच्या लेण्यातल्या जोडप्यांची आठवण करून देते. आत खांब बघा. काहींच्या माथ्यावर हत्ती आणि माणसं कोरलेली, बाकीचे साधे अष्टकोनी, काम तिथेच थांबलेलं. कार्ल्याला छताच्या लाकडी कमानी अजून जागेवर आहेत. इथे त्या गेल्या आणि फक्त त्या बसवल्याच्या खुणा उरल्या.

पुढे अकरावं लेणं. मधोमध लांबच्या लांब दोन बुटके दगडी बाक, भिक्षू समोरासमोर बसतील असे. त्याला दरबार हॉल म्हणतात, पण राजाचा दरबार इथे कधी भरला नसणार. राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातला लेख याच लेण्यात आहे. वेळ असेल तर एकेचाळीसाव्या लेण्यातला अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर हा बोधिसत्त्व, आणि नव्वदाव्यातले पहलवी, म्हणजे जुन्या इराणी भाषेतले लेख. इराणी वंशाच्या पाहुण्यांनी १००९ आणि १०२१ साली इथे येऊन आपली नावं कोरून ठेवली. भिंतीवर नाव कोरायची खोड जुनीच म्हणायची, पण म्हणून तुम्ही कोरू नका.

कान्हेरीकडे माझं पारडं झुकतं ते मात्र मूर्तींमुळे नव्हे, पाण्यामुळे. जवळजवळ प्रत्येक विहाराच्या, म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या लेण्याच्या, दाराशी एक टाकं आहे. शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटलंय आणि विहाराबरोबर पोढी दान दिल्याचे उल्लेख सोपाऱ्याच्या, कल्याणच्या लोकांच्या नावाने सापडतात. दाराच्या वरच्या कातळावर बारकाईने बघितलं तर बोटभर रुंदीची तिरपी खाच दिसते. डोंगरावरून वाहून येणारं पाणी ओसरीवर न पडता ती खाच ते बाजूला वळवते, दुसऱ्या पन्हळीत सोडते आणि तिथून ते टाक्यात उतरतं. वरच्या अंगाचं टाकं भरलं की खालच्याकडे. उन्हाळ्यात या रेषा नुसत्या ओरखड्यांसारख्या दिसतात, जुलै-ऑगस्टमध्ये त्याच वाहताना दिसतात. दगडात कोरलेली व्यवस्था अजून चालू बघायला मिळणं मला तरी एका थोर मूर्तीपेक्षा कमी मोलाचं वाटत नाही. अर्थात ज्याची त्याची आवड. नेमक्या त्याच दिवसांत घारापुरीला समुद्र खवळला की बोटी बंद होतात, हेही हिशेबात धरा.

पावसातल्या कान्हेरीचा धोका एकच, शेवाळ. कोरलेल्या पायऱ्या मधोमध झिजून गुळगुळीत झाल्या आहेत, पाऊल कडेला टाकायचं. रबरी तळाचे, खाचा न झिजलेले बूट हवेत. चपला आणि सँडल नकोत. ओढ्याला लोंढा असताना पलीकडच्या लेण्यांचा मोह सोडा. ऑक्टोबरात आणि मार्चनंतर अडचण उलटी: अकरानंतर काळा कातळ तापतो आणि वरच्या टप्प्यांवर सावली नाही. म्हणून साडेसात-आठला गेटवर, नऊच्या आत तिसऱ्या लेण्यात, अकराच्या आत माथ्यावर जाऊन परत उताराला, असा क्रम लावावा. माणशी दीड-दोन लिटर पाणी न्या, स्टीलच्या बाटलीत. दोन्हीकडच्या माकडांना प्लॅस्टिकची बाटली आणि कुरकुरीची पिशवी लांबूनच ओळखू येते. हातात काही धरूच नका, सगळं पाठपिशवीत आणि चेन ओढलेली. पायथ्याशी काकडी, पेरू, हंगामात बोरं मिळतात. पोटभर जेवणाच्या भरवशावर मात्र राहू नका. त्या बाबतीत घारापुरी सरस, वर लेण्यांजवळच बसून जेवायची सोय आहे.

घरातली ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर प्रश्न थोडा बदलतो. घारापुरीचं मुख्य लेणं एकदा वर पोचल्यावर सपाट आहे, हा तिचा गुण. कान्हेरीत वरचे टप्पे त्यांना झेपणार नाहीत, पण पहिली तीन लेणी आणि अकरावं सावकाश होतं आणि तेवढ्यात कान्हेरीचा गाभा बघून होतो. बोटीची चढउतार मधे नसल्याने मी त्यांच्यासाठीही कान्हेरीच सुचवेन. तान्ही मुलं असतील तर मात्र दोन्ही पुढच्या वर्षावर टाका. पहिल्यांदाच मुंबईला आलेल्या पाहुण्याला गेटवे, समुद्र आणि लेणी एका दमात दाखवायची असतील तर अर्थातच घारापुरी. तिथे माझ्या आवडीला फारसा अर्थ नाही.

घारापुरीच ठरवत असाल तर मंगळवार ते शुक्रवार, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि पहिलीच बोट. धक्क्यावर उतरल्यावर छोट्या गाडीसाठी थांबू नका, चालत सुटा; तेवढ्या आघाडीवर महेशमूर्तीसमोर थोडा वेळ तरी एकटं उभं राहता येतं. मुख्य लेणं झालं की लगेच परतू नका. गर्दी तिथेच असते, त्याच वाटेवरची पुढची लेणी आणि तोफांची टेकडी तुलनेने मोकळी मिळते. बोट हुकली किंवा समुद्र खवळला तर दिवस फुकट घालवायची गरज नाही: लोकलने जोगेश्वरी गाठा, पूर्वेला वस्तीच्या मधोमध तसाच लांबरुंद मंडप आणि मधोमध गर्भगृह असलेलं, घारापुरीच्या थोडं आधीचं मानलं जाणारं लेणं आहे. शिल्पं झिजलेली आहेत, पण आराखडा तिथे नीट वाचता येतो. आणि घारापुरीहून परत फिरेपर्यंत बोटीचं तिकीट फेकू नका, परतीच्या वेळी तेच दाखवायला लागतं.