आठ महिने वापरलेलं विमान-अंतराचं ॲप : किलोमीटर चोख, तास मात्र फसवे

लेक सप्टेंबरात शिकायला लंडनला गेली, तेव्हा हे ॲप घेतलं. तिकिटावरच्या वेळा त्या त्या देशाच्या. लंडन आपल्या मागे उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच. त्यात गोंधळ नको म्हणून वर्षाचे 499 रुपये भरले.

मुंबई ते लंडन 7,200 किलोमीटर, साडेआठ तास, असं ॲप दाखवतं. रात्री दोनला विमान उडालं आणि आम्ही गाडीनं सांगलीकडे निघालो. साडेदहाला पेठ नाक्यावर चहाला थांबलो. ॲपच्या हिशोबानं ती उतरायला हवी होती. फोन बंद. ह्यांनी चहा तसाच ठेवला. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. ड्रायव्हर म्हणाला, "काकू, निघायचं का?" माझे पाय उचलेनात. बारा वाजून दहा मिनिटांनी तिचा फोन आला, "आई, आत्ताच उतरले." दहा तास! ते दीड तास मी विसरणार नाही.

घरी आल्यावर आधी अंतरावरच संशय घेतला. मी पतसंस्थेत अठ्ठावीस वर्षं खतावण्या लिहिल्या आहेत, आकडा पडताळल्याशिवाय मला चैन पडत नाही. नातवाचा पृथ्वीगोल घेतला आणि मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरला. तो कराचीजवळून इराण, कॅस्पियन समुद्र, युक्रेन, पोलंड, जर्मनी असा गेला. दोरा भरला 17 सेंटीमीटर, गोलाचा घेर 94. पृथ्वीचा घेर 40,000 किलोमीटर धरला तर 7,234 येतात. म्हणजे अंतर बरोबर आहे, इथे माझीच शंका चुकीची होती.

चूक तासांत आहे. ॲप अंतराला ताशी साधारण 850 नं भागतं आणि मोकळं होतं. पण त्या दोऱ्यावरून विमान जातंच कुठे? युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून बंद आहे, आणि एप्रिल 2025 पासून आपल्या कंपन्यांना पाकिस्तानवरून जाता येत नाही. वळसा पडतो. शिवाय वर दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीशी असतो.

हे मला जानेवारीत उमगलं. ती सुट्टीला येणार म्हणून मी शहाणपणानं दहा तास धरून गाडी सांगितली. विमान नऊ तासांच्या आत उतरलं आणि पोर दोन बॅगा घेऊन तासभर बाहेर उभी राहिली. त्या दिवशी ॲपचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं, हेही लिहिलं पाहिजे.

कंपनीला तीनदा लिहिलं की जायचे आणि यायचे तास वेगळे दाखवा. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, "वेळ अंदाजे आहे." अंदाजे आहे तर ते आकड्याशेजारी ठळक छापा ना! घरी वाट बघणारं माणूस त्या आकड्यावर डोळे लावून बसतं.

अंतरासाठी ॲप ठेवलंय. सप्टेंबरात पुन्हा पैसे मागतील, तोवर दोन दिशांचे दोन आकडे आले तरच भरणार. तोपर्यंत वहीत लिहून ठेवलंय : जाताना दहा, येताना नऊ.