सेइको एसकेएक्स007 : आठ महिन्यांनंतर, फक्त मनगटाबद्दल

गेल्या ऑक्टोबरात हे घड्याळ घेतलं, वापरलेलं. 2019 मध्ये मॉडेल बंद झालं, त्यामुळे चांगल्या स्थितीतलं मिळेपर्यंत थांबलो होतो. तेव्हापासून आज जूनपर्यंत रोज हातात आहे. डायल, मशीन, अंधारातला उजेड यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मी फक्त ते हातावर कसं बसतं तेवढंच लिहितोय, कारण घेण्याआधी मला तेच हवं होतं आणि नीट कुठे सापडलं नाही.

व्यास 42.5 मिमी, जाडी साधारण सव्वातेरा, वरच्या लगपासून (लग म्हणजे पट्टा जिथे अडकतो ती टोकं) खालच्या लगपर्यंत 46. माझं मनगट साडेसोळा सेंटिमीटरचं. स्टीलच्या ज्युबिली पट्ट्यातल्या जास्तीच्या कड्या काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर 132 ग्रॅम. याआधी वर्षानुवर्षं पातळ क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवरचं घड्याळ, वापरलं होतं, त्यामुळे पहिले दहा-बारा दिवस हात जड वाटला. मग वजन विसरलो, अगदी खरंच विसरलो. उंची मात्र आजही जाणवते.

दाराच्या चौकटीला, बेसिनच्या कडेला, लोकलमधल्या दांड्याला घड्याळ लागतं. पातळ घड्याळ जिथून सहज निसटायचं तिथे हे अडतं. शर्टाचं तर विचारूच नका. बटण लावलेला कफ बेझलपाशी, म्हणजे काचेभोवतीच्या कड्यापाशी, येऊन थांबतो, हात लांब केला की वर सरकतो आणि परत खाली येत नाही. शेवटी शिंप्याकडून चार शर्टांच्या डाव्या कफचं बटण सेंटिमीटरभर सरकवून घेतलं. आता कफ घड्याळावरून जातो.

पण त्रास होता तो वेगळाच. स्कूटर चालवताना घड्याळ बाहेरच्या बाजूला कलंडायचं आणि संध्याकाळी करंगळीकडच्या हाडावर लाल वळ दिसायचा. मला वाटलं, वजनच जास्त आहे. म्हणून नायलॉनचा नाटो पट्टा लावला. काट्यावर आकडा शंभराच्या आसपास आला, मी खूश. दोन दिवसांत कळलं की कलंडणं वाढलंय!

कारण घड्याळ उलटं करून पाहिल्यावर दिसलं. नाटो पट्ट्याचे दोन थर मागच्या झाकणाखालून जातात. म्हणजे घड्याळ मनगटापासून आणखी दोनेक मिमी वर उचललं गेलं. त्यात स्टीलचा पट्टा मनगटाखाली जो भार धरून ठेवायचा, तोही गेला. वर सगळं लोखंड, खाली नुसतं कापड. एकूण वजन घटलं, पण उरलेलं सगळं वरच राहिलं, तेही आणखी उंचीवर.

मग ज्युबिली परत चढवला आणि गल्लीतल्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी घड्याळ माझ्या हातावर ठेवलं, हात उलटा केला आणि बकलवर बोट टेकवलं. बकल मनगटाच्या मधोमध नव्हतंच, अंगठ्याकडे ओढलेलं होतं. आधी ज्या दुकानात पट्टा लहान करून घेतला होता तिथे सगळ्या कड्या एकाच बाजूच्या काढल्या होत्या. घड्याळजींनी बारीक पोगरानं पिन ठोकून एक कडी या बाजूची काढली, त्या बाजूला घातली. पाच मिनिटांचं काम. लांबी तीच, वजन तेच 132. वळ मात्र त्या आठवड्यात थांबला.

ही जाडी येते कुठून, हेही घोळत होतं डोक्यात. मला वाटायचं पाण्यात 200 मीटर खोलीसाठी काच आणि झाकण जाड लागतं, त्यातून. ते आहेच, पण तेवढंच नाही. याच आकाराची सेइको फाइव्ह स्पोर्ट्स 2019 मध्ये आली, तिची मर्यादा 100 मीटर, चावी आट्यांनी घट्ट बंद होत नाही, आणि जाडी तरीही 13.4 मिमी. माझ्या भावाकडे आहे, दोन्ही शेजारी ठेवली तर फरक कळत नाही. ऑटोमॅटिक मशीन, त्यावर हाताच्या हालचालीनं फिरून चावी देणारा रोटर, वर फिरती बेझल, हे थर दोन्हीकडे आहेत. मशीनचा हिस्सा केवढा, ते स्विस आकड्यांवरून लक्षात येतं : ईटीए कंपनीच्या 2824 या ऑटोमॅटिक मशीनची उंची 4.6 मिमी, 2892 ची 3.6. घड्याळाच्या पोटात एक मिमी वाचला तर बाहेर कफवर तो सरळ जाणवतो.

टायटॅनियमचं ट्यूडर पेलागॉस शोरूममध्ये पंधरा मिनिटं घालून बसलो होतो. 500 मीटरचं, 14.3 मिमी जाड, माझ्यापेक्षा मिमीभर जास्तच. पण टायटॅनियमची घनता स्टीलच्या निम्म्याहून थोडी वर, त्यामुळे हात झटकला तरी ते जागचं हललं नाही. कफला मात्र तेवढंच अडलं.

सेइकोच्या एका गोष्टीचं मनापासून कौतुक : चावी तीनऐवजी चारच्या जवळ आहे. मनगट मागे वाकवून जमिनीवर टेकवलं, सूर्यनमस्कारात तसं, तरी ती हाताच्या पाठीत रुतत नाही. आणि 46 मिमीमुळे लगची टोकं मनगटाबाहेर जात नाहीत. 42.5 हा आकडा वाचून घाबरू नका, 46 बघा.

मे महिन्यात उकाड्यानं मनगट फुगतं तेव्हा बकलचं एक भोक सैल करतो, रात्री घरी आल्यावर परत घट्ट. सैल पट्ट्यात घड्याळ लगेच डोलायला लागतं, त्यामुळे हा कंटाळा करत नाही.

घेणार असाल तर दुकानात ते घालून नुसतं बघू नका. हात खाली सोडा, दोन-चारदा झटका, कफचं बटण लावून बघा, मग बकल कुठे येतं ते पाहा. सध्या पाऊस सुरू झालाय, म्हणून एकाच थराचा नायलॉनचा पट्टा लावलाय. लगच्या दांड्यांवरून जातो, झाकणाखालून एकदाच. जरा वरजड आहेच, पण वळ नाही. ज्युबिली धुऊन डब्यात ठेवलाय, गणपतीनंतर काढेन.